ट्रान्सप्लांटनंतरच्या रक्ततपासण्या: परभणीच्या ह्या लॅबचा दोन वर्षांचा अनुभव

ज्यांच्या घरी लिव्हर ट्रान्सप्लांट झालंय आणि जे परभणी, हिंगोली, जालना, बीड ह्या भागात राहतात त्यांच्यासाठी खास लिहायलोय. साधी शुगर, थायरॉइड करायची असेल तर कुठलीही लॅब चालते पण आपल्या पेशंटचं तसं नसतं, आणि हे आम्हाला ठेच लागल्यावर कळलं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझे वडील, आम्ही अण्णा म्हणतो, त्यांचं डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईला ट्रान्सप्लांट झालं. लिव्हर आईनं दिलं, उजवा भाग, साधारण ६० टक्के. कारण कॅन्सर. अण्णांनी जन्मात दारूला हात लावला नाही, पण हिपॅटायटिस बी निघाला, तो कधी लागला कुणालाच माहीत नाही, आत गुपचूप वर्षानुवर्षं लिव्हर खराब करत बसला, आधी सिरोसिस, म्हणजे लिव्हर आक्रसून कडक होणं, आणि मग कॅन्सरच्या गाठी. गावात सगळे म्हणायचे कावीळ आहे, उतरवून आणा, आम्ही पण नेलं होतं दोन ठिकाणी, ते चार महिने आजही मनातून जात नाहीत. (अण्णांचं निघाल्यावर आम्ही तिघा भावंडांनी तपासलं, मी आणि लहाना भाऊ निगेटिव्ह, आम्ही लस घेतली, बहीण पॉझिटिव्ह निघाली आणि आता तिची दर सहा महिन्यांनी तपासणी चालू आहे. ज्यांच्या घरी एकाला हिपॅटायटिस बी निघालाय त्यांनी सगळ्यांनी तपासून घ्या, लेकराबाळांसकट.)

गाठी दोन होत्या, मोठी २.८ सेंटिमीटर. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की मिलानच्या नियमात बसतंय. हा नियम इटलीतल्या मिलान शहरातल्या डॉक्टरांनी १९९६ मध्ये मांडला, एकच गाठ असेल तर ५ सेंटिमीटरपर्यंत, तीनपर्यंत गाठी असतील तर प्रत्येक ३ सेंटिमीटरच्या आत, आणि मोठ्या रक्तवाहिनीत किंवा लिव्हरच्या बाहेर पसरलेला नको. त्यात बसणाऱ्याला ट्रान्सप्लांटचा चांगला फायदा होतो. आम्हाला वाटलं झालं, लिव्हरच बदललं म्हणजे रोग मुळासकट गेला.

पण ऑपरेशननंतर काढलेलं लिव्हर तपासायला जातं आणि त्याचा रिपोर्ट नंतर येतो. त्यात लिहिलेलं होतं की गाठीजवळच्या बारीक नसांमध्ये कॅन्सरच्या पेशी दिसल्या, हे स्कॅनमध्ये दिसत नाही, दुर्बिणीखालीच कळतं. अण्णांनी तेव्हा डॉक्टरांना विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यात पक्का बसलाय, "साहेब, नवं लिव्हर तर हिचं हाय, हिला कुठं कॅन्सर होता, मंग परत कामून येईल?" डॉक्टरांनी शेतकऱ्याला समजेल असं सांगितलं की रान खुरपलं, तण काढून बांधावर टाकलं, पण काढायच्या आधीच बी सांडलं असेल तर ते कुठंही उगवू शकतं, फुप्फुसात, हाडात, नव्या लिव्हरमध्ये पण. अण्णा गप झाले. मग म्हणाले, बरं, आता राखण करावं लागंल.

तर ही लॅब म्हणजे आमची ती राखण.

आता लॅबकडं येतो. परभणीतली मध्यम साइझची लॅब आहे, पॅथॉलॉजिस्ट मॅडम स्वतः बसतात, चार-पाच पोरं-पोरी कामाला. आम्ही मानवत तालुक्यातले, आमच्यापासून पाऊण-एक तास लागतो.

ह्यांच्याकडं यायच्या आधी आम्ही दुसऱ्या एका लॅबमध्ये जायचो, नाव लिहीत नाही, त्यांनी मुद्दाम काही केलं नाही, त्यांना माहीतच नव्हतं. ट्रान्सप्लांटवाल्यांना टॅक्रोलिमस नावाची गोळी असते, शरीरानं दुसऱ्याचं लिव्हर नाकारू नये म्हणून, अण्णांची सकाळी ८ आणि रात्री ८. ह्या गोळीची रक्तातली लेव्हल बघावी लागते आणि ते सॅम्पल पुढची गोळी घ्यायच्या अगदी आधी, म्हणजे आधीच्या गोळीला १२ तास होत आले की द्यायचं असतं, तेव्हा लेव्हल सगळ्यात खाली असते आणि डोस त्याच्यावरून ठरतो. मार्च २०२४ मध्ये त्या पहिल्या लॅबनं साडेदहाला सॅम्पल घेतलं, अण्णांनी ८ ला गोळी घेतलेली, कुणी विचारलंच नाही. लेव्हल आली १७.८. मुंबईच्या हॉस्पिटलमधून ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर ताईंचा फोन आला, आवाजच बदललेला, पहिला प्रश्न हाच की गोळी खाऊन सॅम्पल दिलं का. दुसऱ्या दिवशी परत नीट वेळेवर केलं तर ६.९. त्या ताईंनी विचारलं नसतं आणि १७.८ बघून डोस कमी केला असता तर अण्णांच्या शरीरानं आईचं लिव्हर नाकारायला सुरुवात केली असती, हे मला आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

त्याच आठवड्यात मुंबईलाच ट्रीटमेंट चालू असलेल्या एका नांदेडच्या पेशंटच्या मुलानं ह्या लॅबचं नाव सांगितलं. पहिल्या दिवशी काउंटरवरच्या पोरानं फॉर्म घेताना पहिला प्रश्न काय विचारला असेल? "शेवटची गोळी किती वाजता घेतली, काका?" आणि फॉर्मवर वेळ लिहिली, आमच्यासमोर सॅम्पलची पण वेळ लिहिली. मला तिथंच पटलं.

टॅक्रोची टेस्ट परभणीत होत नाही, ते बाहेरच्या मोठ्या लॅबला पाठवतात. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये पूर्ण रक्त जातं, कारण हे औषध जास्त करून लाल पेशींना धरून बसतं, नुसतं वरचं पाणी काढून पाठवलं तर चालत नाही. बर्फाच्या पॅकच्या डब्यात संध्याकाळच्या गाडीनं जातं, दुसऱ्या दिवशी रात्री नाहीतर तिसऱ्या दिवशी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ येतो. दोन वर्षांत एकदाच उशीर झाला, २०२५ च्या सप्टेंबरात, मराठवाड्यात अतिवृष्टी झाली तेव्हा, आमच्या गावाचा रस्ता तर दोन दिवस पाण्याखाली होता. तेव्हा लॅबनं स्वतः फोन करून सांगितलं की आज सॅम्पल देऊ नका, गाडी जाणार नाही, उगं रक्त काढून ठेवण्यात अर्थ नाही, परवा या. दुसरा कुणी असता तर पैसे घेऊन सॅम्पल फ्रिजमध्ये ठेवून दिलं असतं.

ह्या लेव्हलचं महत्त्व कॅन्सरवाल्या पेशंटला डबल असतं. लेव्हल कमी झाली तर लिव्हर नाकारलं जायची भीती, आणि जास्त राहिली तर ज्या पेशी कॅन्सर ओळखून मारतात त्याच दबून जातात. ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यात सरासरी लेव्हल १० च्या वर राहिलेल्यांमध्ये कॅन्सर परत येण्याचं प्रमाण जास्त दिसलं असा २०१३ चा युरोपातला अभ्यास आहे. म्हणून अण्णांना मुंबईवाले बेतानं ठेवतात, आणि थोड्या महिन्यांनी एव्हरोलिमस नावाची दुसरी गोळी जोडून टॅक्रो अजून कमी केली. म्हणजे दोरीवरची कसरत आहे, आणि दोरी किती ताणलीय हे कळतं फक्त सॅम्पलवरून, ते सॅम्पलच चुकीच्या वेळेला घेतलं तर काय उपयोग.

आता मुख्य गोष्ट, जिच्यामुळं मी एवढं मोठं लिहायला बसलो.

ऑगस्ट २०२४. मी रात्री जागून मोबाइलवर वाचत बसायचो, लिव्हर कॅन्सर परत येणार का हे आधी कसं कळतं, हेच. त्यात एनएलआर नावाचा प्रकार सापडला. म्हणजे आपल्या साध्या सीबीसीमध्ये, रक्तपेशी मोजायच्या तपासणीत, पांढऱ्या पेशींचे टक्के लिहिलेले असतात, त्यातल्या न्युट्रोफिलला लिम्फोसाइटनं भागायचं. न्युट्रोफिल म्हणजे सूज किंवा इन्फेक्शन झालं की पहिल्यांदा धावून जाणाऱ्या पेशी, आणि लिम्फोसाइटमध्ये त्या पेशी येतात ज्या शत्रूला ओळखून नेमकं मारतात, टी सेल, एनके सेल वगैरे. २००९ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी छापलं होतं की ज्यांचा हा भागाकार ५ किंवा त्याहून जास्त त्यांच्यात ट्रान्सप्लांटनंतर कॅन्सर परत यायचं प्रमाण बरंच जास्त. मी लगेच अण्णांचा त्या आठवड्यातला रिपोर्ट काढला. न्युट्रोफिल ८४, लिम्फोसाइट ९. भागाकार ९ च्या वर.

त्या रात्री मी झोपलो नाही. आईला सांगितलं नाही, तिच्या पोटावरची जखम भरून वर्षही झालं नव्हतं. सकाळी ६ लाच मोटारसायकल काढली आणि परभणीला गेलो, अण्णांना न घेता, फक्त रिपोर्ट घेऊन.

मॅडम आल्या, मी दारातच कागद धरला. त्यांनी बसवलं, चहा मागवला, आणि म्हणाल्या, "आधी मला सांगा, हा नियम ऑपरेशनच्या आधीच्या रक्तावर आहे का नंतरच्या?" मी परत वाचलं. आधीच्या. सगळा अभ्यास ट्रान्सप्लांटच्या आधी काढलेल्या सीबीसीवर होता आणि मी तो आठ महिन्यांनंतरच्या रक्ताला लावून बसलो होतो. मग विचारलं, अण्णांना सध्या काय काय चालू आहे. प्रेडनिसोलोन म्हणजे स्टेरॉइड चालू होतं, मधे मुंबईवाल्यांनी वाढवलेलं, आणि त्या आठवड्यात खोकला आणि कणकण पण होती. त्या म्हणाल्या, स्टेरॉइडनं न्युट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट कमी होतात, खोकल्या-तापानं न्युट्रोफिल अजून वाढतात, म्हणजे दोन्हीकडून तुमचा भागाकार फुगणारच. मग अण्णांच्या रक्ताची काच काढली, मला दुर्बिणीतून बघायला लावली, एकेक पेशी दाखवली, ही बघा तुकड्या तुकड्यांच्या केंद्राची न्युट्रोफिल, ही गोल गडद केंद्राची लिम्फोसाइट. मी बीएस्सी केलेला माणूस, पण घरच्या माणसाच्या रक्तातल्या पेशी डोळ्यानं बघणं वेगळंच असतं. तीन आठवड्यांनी स्टेरॉइड कमी झालं, खोकला गेला, परत सीबीसी केला, ६८ आणि २२. तीनच्या आसपास.

त्या दिवशी मॅडमनी पाऊण तास दिला आणि एक रुपया घेतला नाही. बाहेर पंधरा माणसं बसलेली होती.

नंतर मी त्यांना खोदून खोदून विचारलं, मुंबईच्या डॉक्टरांना पण पुढच्या फॉलो-अपला विचारलं, आणि माझ्या समजुतीप्रमाणं गोष्ट अशी आहे. पेशींवरून कॅन्सर परत येईल का हे सांगायचा प्रयत्न खोटा नाही, खरं काम चालू आहे आणि त्यात दम आहे. काढलेल्या गाठीत लिम्फोसाइट भरपूर घुसलेले असतील, विशेषतः मारणाऱ्या सीडी८ टी सेल, तर परत येणं कमी दिसतं. उलट गाठीत रेग्युलेटरी टी सेल जास्त असतील तर बरं नसतं, ह्या पेशी म्हणजे गावात भांडण लागलं की मधे पडून हात धरणारे म्हातारे, एरवी लई कामाचे, त्यांच्याशिवाय शरीर स्वतःलाच मारत सुटेल, पण इथं ते चोराला मारणाऱ्याचाच हात धरतात. तसंच मॅक्रोफेज, म्हणजे जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या पेशी, आहेत, गाठ त्यांना पण फितवून आपल्या बाजूला करते. ह्या सगळ्या गोष्टी गाठीच्या तुकड्यावर रंग टाकून बघतात, आणि हल्ली एकेक पेशी वेगळी करून तिची जनुकं वाचायचं पण चाललंय.

पण हे बघायला गाठीचा तुकडा लागतो, हातातून काढलेलं रक्त नाही. रक्तात फिरणाऱ्या पेशी आणि गाठीत बसलेल्या पेशी सारख्या नसतात. आणि दुसरं, आपला पेशंट ह्याच पेशी दाबायच्या गोळ्या रोज दोनदा खातो, मग रक्तातल्या आकड्यात किती कॅन्सरचं आणि किती गोळीचं हे वेगळं कसं करणार. आणि अभ्यासात शंभर-दोनशे माणसांच्या गटाबद्दल बोलतात, एका अण्णांबद्दल नाही.

हे सगळं मला कामाला आलं जानेवारी २०२५ मध्ये. एका दुसऱ्याच कंपनीच्या माणसाचा फोन आला, नाव लिहीत नाही, त्याला आमचा नंबर कुठून मिळाला काय माहीत. म्हणाला ट्रान्सप्लांट पेशंटसाठी इम्यून प्रोफाइल आहे, सीडी४, सीडी८, एनके सेल सगळं मोजून कॅन्सर परत यायचा धोका सांगतो, १४ हजार, घरी येऊन सॅम्पल नेतो. खरं सांगतो, मी पैसे भरायच्याच बेतात होतो. दोन एकर आधीच गहाण पडलेली, पण अण्णांच्या नावावर १४ हजार काय मोठे वाटतात त्या घडीला. बहीण म्हणाली आधी मॅडमला विचार.

मॅडम म्हणाल्या हे सॅम्पल त्या पण घेऊन पाठवू शकतात, त्यांना पण कमिशन मिळेल, पण घेणार नाहीत. कारण विचारलं तर म्हणाल्या, ह्या पेशी मोजायच्या तर रक्त ताजं लागतं, गावातून निघून मशीनपर्यंत उन्हातान्हात दोन दिवस गेले तर आकड्यावर भरवसा नाही, हे एक. आणि आकडा अगदी बरोबर आला तरी त्यावरून मुंबईवाले काय बदलणार आहेत हे आधी त्यांना विचारा, काहीच बदलणार नसतील तर कशाला करता. मी कोऑर्डिनेटर ताईंना मेसेज टाकला, उत्तर आलं की आपल्याकडं फॉलो-अपमध्ये ह्याच्यावर काही निर्णय घेत नाहीत, तुम्ही एएफपी (लिव्हरच्या कॅन्सरची खूण दाखवणारी रक्ततपासणी) आणि सीटी स्कॅन वेळेवर करा. १४ हजार वाचले, त्यातून पुढच्या सीटीचे पैसे निघाले.

मुंबईवाले धोका कशावरून धरतात ते पण सांगतो, कारण आम्हाला कुणी सांगितलं नसतं तर आम्ही असंच भरकटलो असतो. रिट्रीट नावाचा स्कोर आहे, २०१७ मध्ये अमेरिकेतल्या हजारावर पेशंटवरून बनवलेला, तीन गोष्टी बघतात, ट्रान्सप्लांटच्या वेळचा एएफपी, बारीक नसांमध्ये पेशी होत्या का, आणि जिवंत गाठींपैकी सगळ्यात मोठीचा आकार अधिक गाठींची संख्या. शून्य स्कोर असेल तर पाच वर्षांत परत यायचं प्रमाण ३ टक्क्यांहून कमी, ५ किंवा वर असेल तर ७५ टक्क्यांहून जास्त. अण्णांचा एएफपी तेव्हा ६४ होता, त्याचा १, नसांमध्ये पेशी, त्याचे २, आणि २.८ अधिक दोन गाठी म्हणजे ४.८, त्याचा १. एकूण ४. मधला. ना निवांत झोपायचा, ना हातपाय गाळायचा. म्हणून आम्हाला दर तीन महिन्याला एएफपी आणि दर सहा महिन्याला छाती-पोटाचा सीटी सांगितलाय, कारण परत आला तर बहुतेकांना पहिल्या दोन-तीन वर्षांत येतो, आणि लवकर सापडून एकाच जागी असला तर काही जणांत तो भाग काढता येतो.

एएफपीच्या बाबतीत पण ह्या लॅबनं एक गोष्ट चांगली केली. दर वेळी त्याच मशीनवर, त्याच किटवर करतात, आणि किट बदलली तेव्हा रिपोर्टवर तसं लिहून दिलं, कारण वेगवेगळ्या मशीनवर त्याच रक्ताचा आकडा थोडा वेगळा येऊ शकतो आणि आपण उगं ३ चा ५ झाला म्हणून घाबरतो. अण्णांचा ऑपरेशननंतर उतरत उतरत ३ वर आला आणि तिथंच आहे. मागचे सगळे आकडे तारखेसकट एका ओळीत छापून देतात, मुंबईचे डॉक्टर पण तेवढं एक पान बघतात. फक्त एक, काही जणांच्या गाठी एएफपी सोडतच नाहीत, त्यांना हा आकडा नॉर्मल आला म्हणून सीटी टाळू नये, हे मॅडमच सांगतात.

अजून एक. लॅबच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून लावलंय की ट्रान्सप्लांट पेशंटनं कुठलाही काढा, इम्युनिटी वाढवायचं पावडर, गुळवेल डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. आमच्याकडं पाहुणे यायचे ते गुळवेलीचा वेल हातात घेऊनच यायचे, मायेनंच आणायचे, त्यांना काय बोलणार. पण जी ताकद आपण गोळ्यांनी मुद्दाम दाबून ठेवलीय तीच वाढवायची म्हणजे आईच्या लिव्हरवरच सोडायची. आणि २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेले पेशंट छापले होते, ते तर ट्रान्सप्लांट न झालेल्या माणसांचे. आता पाहुणे आले की अण्णा स्वतःच सांगतात, "माझी इम्युनिटी वाढवू नका बाबा, हाय तेवढी बास." पपनस पण बंद आहे, ती ग्रेपफ्रूटच्या घरातली, टॅक्रोची लेव्हल वाढवते. हे पण काउंटरवरच्या पोरीनंच सांगितलं, आईनं दिवाळीला आणली होती.

नावडलेल्या गोष्टी पण सांगतो, म्हणजे त्यांनी सुधाराव्यात. लॅब पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, जिना अरुंद. ट्रान्सप्लांटनंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत पेशंटला तो जिना जड जातो, अण्णांना तेव्हा मी आणि भावानं दोन्ही बाजूंनी धरून नेलं. सांगितलं तर पोरगा खाली येऊन गाडीतच सॅम्पल घेतो, पण हे कुठं लिहिलेलं नाही, आम्हाला चौथ्या खेपेला कळलं. बसायची जागा एकच आहे, डेंग्यूचे, टायफॉइडचे, खोकणारे सगळे एकत्र, आणि आपला माणूस रोगप्रतिकार दाबलेला. आम्ही पावणेआठच्या आत जातो तेव्हा एरवी गर्दी नसते म्हणून निभावतं, पण पावसाळ्यात ७ लाच हॉल भरतो. एक छोटी खोली वेगळी करायलाच पाहिजे, मी दोनदा बोललोय. रविवारी बंद, आणि टॅक्रोचे दर गेल्या वर्षी वाढले, आधी २२०० होते आता २६०० घेतात, सांगितलं तर पुढच्या लॅबनं वाढवले म्हणाले. सीबीसी आणि एएफपीचा दर मात्र इतरांपेक्षा कमी आहे. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, ते मागून घ्याच, मदतीच्या अर्जाला लागतं.

पाचपैकी साडेचार देतो. अर्धा त्या जिन्याचा आणि हॉलचा.

नवीन जाणाऱ्यांसाठी: रात्रीची गोळी बरोबर ८ ला घ्या आणि वेळ लिहून ठेवा. सकाळची गोळी खिशात घेऊन जा, सॅम्पल दिल्याबरोबर तिथंच पाण्याबरोबर घ्यायची, घरी जाऊन घेतो म्हणू नका, वाटेत गाडी पंक्चर झाली तर दहा वाजतात. अण्णा ती गोळी तिच्याच पाकिटात, शर्टाच्या वरच्या खिशात ठेवतात आणि वाटभर हात लावून बघत असतात. मुंबईची फाइल न्यायची गरज नाही, औषधांची शेवटची चिठ्ठी पुरते, पण स्टेरॉइड चालू असेल, सर्दी-ताप असेल, दाताचं किंवा गजकर्णाचं औषध नवीन चालू केलं असेल तर न विचारता सांगा, बुरशीच्या काही गोळ्यांनी टॅक्रो एकदम वर जाते. काउंटरला ट्रान्सप्लांटचा पेशंट आहे म्हणालात की रांगेत थांबवत नाहीत. आमचं पुढचं सॅम्पल आठ तारखेला आहे, ह्या वेळी एएफपी पण आहे, पावणेआठच्या आत पोचायचं म्हणून साडेसहाला निघायलोत.